सोमवार-गुरुवारचा संगीतवर्ग

१८ जून २००१, सोमवार
रिटायर झाल्यावर लोक नुसते बसून राहतात. मी नाही. गल्लीमागच्या म्युन्सिपाल्टीच्या शाळेत संगीताला शिक्षकच नाही. हमालांची, धुणीभांडी करणाऱ्यांची पोरं. मुख्याध्यापिका चौगुले बाईंना सांगून आलो, सोमवारी-गुरुवारी फुकट शिकवीन. गाण्याने गणितही सुधारतं, पेपरात आलं होतं. टार्गेट: १५ ऑगस्टला चाळीस मुलांचं समूहगान. बाई म्हणाल्या, या की, तुमचाबी वेळ जाईल. माझ्याकडे वेळ कुठाय?

२१ जून, गुरुवार
पेटी रिक्षातून नेली. सहा मुलं. सुरुवातीला छोटी बॅच केव्हाही चांगली. सारेगम घेतलं.

२५ जून, सोमवार
आज दुसरीच सहा मुलं. पहिल्यांचं ऐकून ह्यांनाही ओढ लागली, उघड आहे. पुन्हा सारेगम.

५ जुलै, गुरुवार
आणखी नवी सहा. मागणी वाढतेय. चाळीस होणारच, फक्त सगळे एका दिवशी यायला हवेत. पुन्हा सारेगम.

८ जुलै, रविवार
पुण्याहून निशिगंधाचा फोन. लेकीने विचारलं, बाबा, एकटं वाटत नाही ना? म्हणालो, श्वास घ्यायला फुरसत नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तिने ठेवला. मग पेटी काढली. ही गेल्यापासून 'पुरे आता' म्हणणारं घरात कुणी नाही. फार वाईट वाटलं. लवकरच बंद केली.

२३ जुलै, सोमवार
चाचणी झाली. गणितात नेहमीपेक्षा जास्त नापास. संगीताचा परिणाम सावकाश होतो.

६ ऑगस्ट, सोमवार
समूहगान रद्द. बाई म्हणाल्या, लेझीमच ठेवू, पोरांना येतंय. मी सारेगमच्या पुढे गेलो नाही, खरं आहे. पाया भक्कम करत होतो.

९ ऑगस्ट, गुरुवार
पहिल्या बॅचमधली दानेश्वरी परत आली. सातवीतली, हुशार पोर. हरखून विचारलं, गोडी लागली ना? म्हणाली, गोडी न्हाई आजोबा, पाळी हाय. साऱ्या शाळंचं लय गट पाडल्यात. रोज एका गटानं झाडायचं, एकानं पाणी भरायचं, एकानं आजोबांपाशी बसायचं. घरात एकटंच असत्यात, जरा बसत जावा, असं बाईंनी सांगितलंय. मी विचारलं, म्हणजे गाणं आवडत नाही? तिने जरा विचार केला. म्हणाली, पाणी भरण्यापरास बरं हाय की.
घरी येऊन जेवलो नाही.

१३ ऑगस्ट, सोमवार
गेलो नाही. कुणाची दया नको. बोलवायला येतील तेव्हा ठणकावून सांगणार. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही.

१६ ऑगस्ट, गुरुवार
गेलो. बाईंना म्हणालो, सोमवारी बरं नव्हतं. त्या म्हणाल्या, सोमवारी आला नव्हता व्हय?
सहा जण येऊन बसले. सारेगम.
निघताना बाईंना म्हटलं, माझ्या पाळीत शनिवारही धरा. बघू म्हणाल्या.