वावर रिकामं असायचं तेव्हा

मामाजी, आज पुन्हा मूग पेरतोय आपण. हरभरा काढून आठवडाही झाला नाही, मळणीचं कुटार अजून धुऱ्यावर पडून आहे, आणि ट्रॅक्टरवाला सकाळीच दारात. मी इथे धुऱ्याच्या बांधावर बसून लिहिते आहे, कारण पेरणी संपेपर्यंत हलता येत नाही. मग नहराच्या पाण्याची पाळी, पाळी झाली की फवारणी, आणि मूग तोडून होतो न होतो तोच सोयाबीनसाठी वखरणी. सून होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, वावराचं सगळं शिकून घे. शिकले. आता वावर मला सोडत नाही.

तुमच्या वेळी हरभरा निघाला की नांगरटी व्हायची आणि मृगापर्यंत वावर उन्हात तापत पडायचं. तुम्ही कडुनिंबाखाली खाट टाकायचात आणि मला पिटाळायचात, "आता का करतं इथं? वावर तापून राह्यलं. जाय अकोल्याले, मायकडं." सासराच सुनेला माहेरी हाकलतो, हे माझ्या मैत्रिणींना खरं वाटत नसे. एकदा तर तिवशाच्या स्टँडवर स्वतः सोडायला आलात, आईसाठी नव्या हरभऱ्याची डाळ घेऊन.

अकोल्याचं ऊन काय सांगू. पण सकाळी गच्चीवर आई आणि मी सरगुंडे करायचो. भिजवलेल्या कणकेची दोरी सळईवर गुंडाळायची, अलगद ओढून काढायची, खाटेवर वाळत घालायची. आईचे सगळे एकसारखे, माझे जाडेभरडे. ती माझा एक सरगुंडा दोन बोटांनी उचलायची, उजेडात धरून बघायची आणि परत कणकेत टाकायची. "वावरात तं चालते तुये हात, इथं कावून नाही चालत?" त्या महिनाभरात मी कुणाची सून नसायचे.

मग नहराचं पाणी आलं. शेजारच्या वावरात भर उन्हाळ्यात मूग हिरवागार झाला आणि मला राहवेना. चहा देताना विचारलं, आपणही पेरू का. तुम्ही कप खाली ठेवलात. "पेर. पानी हाये, माती चांगली हाये. पन मंग तू अकोल्याले कदी जाशीन?" मला वाटलं, म्हातारा माणूस, नव्या कामाचा कंटाळा करतोय. तुम्ही गेल्यावर आम्ही मूग पेरला आणि खोटं कशाला बोलू, चांगला आला. त्याचा पाला मातीत गाडला तर नंतरचं सोयाबीनही जोमात येतं. जमीन थकली असं म्हणायची सोय नाही, जमीनच माझ्याविरुद्ध साक्ष देते.

थकले ते मी. गेल्या वर्षी यांना म्हटलं, यंदा एक उन्हाळा रिकामं ठेवू. हे म्हणाले, "पानी असून वावर पडीत ठेवशीन? लोकं काय म्हनतीन?" मी चिडून अकोल्याला निघून गेले. पहिल्याच दुपारी यांचा फोन, पाण्याची पाळी उद्यावर आली. आईने डबा भरून दिला आणि मी आलेल्या रस्त्याने परत.

आईला आता नीट दिसत नाही. सरगुंडे बोटांच्या अंदाजाने करते. दर वर्षी हरभरा निघाला की तिचा फोन येतो, "कदी येतं वं?" दर वर्षी मी म्हणते, मूग तोडला की. आणि मूग तोडला की पेरणीची घाई.

आज सकाळीही तिचा फोन आला. हरभरा कसा झाला ते विचारलं, गुडघ्याचं सांगितलं. या वर्षी शेजारीण सरगुंडे विकत आणून देणार आहे म्हणाली. मग, "तुले काम असन, ठेवतो." कदी येतं, हे तिने विचारलंच नाही.

मला वाटलं, आता रडू येईल. ट्रॅक्टरवाला बियाणं मागत होता, मी उठून पोतं सोडलं. हे पत्र कुणाला पाठवायचं असतं तर इथेच थांबले असते. पाठवायचं नाही म्हणून सांगते, मामाजी. तिने विचारलं नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.