टेप क्रमांक ३१८ मधील नऊ विराम

प्रति,
मा. संचालक,
प्रांतिक नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्र,
मेकाँग किनारा मार्ग, थाखोंग, लाओस.

विषय: टेप क्र. ३१८ पुसून टाकण्याची विनंती मागे घेणेबाबत आणि तीच टेप उपसंचालक श्री. बुन्लियेन दाराफेत यांच्या निरोपसमारंभात विराम न कापता वाजविणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा दि. ३ मार्च २००९ चा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे समारंभाचे परिपत्रक, दि. १६ फेब्रुवारी २००९.

महोदय,

१. अर्जदार सोमवांग लुआंगलाथ, वय ७१, हा आपल्या केंद्राच्या ध्वनिसंग्रहाचा निवृत्त नोंदणीकार असून आठवड्यातून तीन दिवस जुन्या नोंदवह्या लावण्यासाठी येत असतो. आपण त्यास ओळखता किंवा कसे, याची त्याला खात्री नाही. तो जिन्याखालच्या खोलीत बसतो. गेल्या पावसाळ्यात आपण त्या खोलीचा दिवा बंद करून दाराला कडी घातली तेव्हा तो आतच होता. त्याने हाक मारायला हवी होती.

२. दि. ३ मार्चच्या अर्जात अर्जदाराने टेप क्र. ३१८ कायमची पुसावी अशी विनंती करून 'जागेची अडचण' हे कारण दिले होते. ते खोटे होते. संग्रहात जागा भरपूर आहे. खरे कारण सूड हे होते व आहे. परंतु छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

३. या टेपेवर श्री. बुन्लियेन यांचे सन १९८५ मधील कालव्याच्या उद्घाटनाचे भाषण आहे. त्यांचा केंद्रातील हा सर्वांत जुना आवाज, म्हणून दि. ९ एप्रिलच्या समारंभात तो वाजवून गावोगावच्या खांबांवरील कर्ण्यांतून ऐकविण्याचे परिपत्रकात योजिले आहे. तो आवाज त्या दिवशी सापडू नये, एवढाच अर्जदाराचा मूळ बेत होता.

४. त्या टेपेवर भाषणापूर्वी दुसरे ध्वनिमुद्रण होते. अर्जदाराची पत्नी वियेंगखाम ही लामची लोकगीते गाणारी होती. ऑक्टोबर १९८४ मध्ये, होड्यांच्या शर्यतींच्या दिवसांत, ती आपल्या केंद्रात सत्तावीस मिनिटे गायिली. तिचे झालेले हे एकमेव ध्वनिमुद्रण. त्या वेळी श्री. बुन्लियेन ग्रामीण विभागाचे प्रमुख होते. काचेपलीकडे उभे राहून ते केव्हा सुरू करायचे, केव्हा थांबायचे, याच्या खुणा हाताने करीत होते. लाम गाणारीने समोरच्या पुरुषाची जागच्या जागी थट्टा करावी आणि त्याने गाण्यातच उलट उत्तर द्यावे, नाहीतर हसून एक प्याला पाजावा, ही आपली रीत आपणांस ठाऊक आहेच. वियेंगखामने त्यांच्याकडे पाहून गायिले:

काठावर बगळा एका पायावर उभा,
म्हणतो, मी खूण केल्यावाचून नदी वाहायची नाही.

खेनच्या बांबूच्या नळ्या तोंडाला लावलेल्या साथीदाराला हसू आवरेना. श्री. बुन्लियेन यांनी उत्तर दिले नाही आणि प्यालाही पाजला नाही. पुढे कित्येक महिने शिपायापासून निवेदिकांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे बगळाच म्हणत. अर्जदार कधी म्हणाला नाही, पण हसला होता.

५. जुलै १९८५ मध्ये वियेंगखाम तापाने वारली. नोव्हेंबरात श्री. बुन्लियेन यांना भाषणासाठी टेप हवी होती. मॉस्कोहून येणाऱ्या टेपा तेव्हा पुरत नसत, जुन्या पुसून वापराव्या लागत, हे खरे. परंतु त्या दिवशी कपाटात सोळा कोऱ्या टेपा होत्या. नोंदवहीत तसे लिहिले आहे. ते खोलीत आले, बोटाने ३१८ दाखविली आणि म्हणाले, "सोमवांगदादा, हीच द्या. वहिनी गेल्या, आता आवाज ठेवून काय करायचंय? टेप सरकारची आहे."

सोळा कोऱ्या आहेत, एवढे तीन शब्द बोलायचे होते.

६. पुसण्याच्या परवानगीपत्रावर नोंदणीकाराची सही लागते. ती अर्जदाराने केली. पेनही त्याचेच होते. जुन्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी त्यानेच डकवली आणि ती नीट बसावी म्हणून अंगठ्याने दाबली. या गोष्टीला चोवीस वर्षे होत आली. मयताच्या नावाने मठात अन्नदान करतो त्या दिवशी दरवर्षी वियेंगखामची थोरली बहीण पेंगसी ही चिकट भाताची टोपली पुढे सरकवते आणि तेच विचारते, "सही करायला हात होता, मग नाही म्हणायला तोंड नव्हतं का रे तुला?" अर्जदार भात खातो. या प्रश्नावर त्याने पुष्कळ वाचन केले, पण कोठल्याही ग्रंथात उत्तर मिळाले नाही.

७. टेप पुसण्यापूर्वी ती पूर्ण ऐकावी, असा नियम १९८६ पासून आहे. तो अर्जदारानेच सुचविला होता. उशिरा का होईना. त्यानुसार दि. १८ मार्च रोजी तंत्रज्ञ श्रीमती मणीवान यांच्यासह त्याने ती ऐकली. सातव्या मिनिटाला भाषणात पहिला विराम येतो. मणीवानबाईंनी यंत्र थांबविले, मागे नेले, आवाज वाढविला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, यांच्या खाली कोणीतरी गातंय."

८. त्यांच्या मते १९८५ मध्ये पुसणारे यंत्र झिजलेले असावे किंवा वीज मंद असावी, त्यामुळे आधीचा आवाज पुरता गेला नाही. श्री. बुन्लियेन बोलत असतात तोवर तो दबलेला असतो. ते थांबले की वर येतो. पहिल्या दोन विरामांत नुसता खेन आहे. तिसऱ्यापासून ती आहे. असे एकूण नऊ विराम आहेत आणि नवव्यात, ते पाणी पीत असताना, बगळ्याच्या दोन्ही ओळी अक्षरन् अक्षर ऐकू येतात. त्यापुढे श्री. बुन्लियेन घसा साफ करून म्हणतात, "हे पाणी आमच्या नियोजनामुळे वाहत आहे."

मणीवानबाई खुर्चीतून उठून भिंतीकडे तोंड करून हसत राहिल्या. अर्जदार हसला नाही. तो त्या ओळी पुन:पुन्हा ऐकत बसला आणि केंद्राची शेवटची बस चुकली.

९. येथे आणखी एक बाब नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. ते भाषण अर्जदारानेच लिहून दिले होते. श्री. बुन्लियेन वाचताना धापा टाकीत, म्हणून कागदावर नऊ ठिकाणी तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ ओढून 'थांबा' असे लिहिले होते. हे त्याने हेतुपुरस्सर केले, असा दावा तो करू शकत नाही. तसे म्हणण्याचा मोह मात्र त्याला रोज होतो.

१०. वरील परिस्थितीत टेप पुसल्यास वियेंगखाम दुसऱ्यांदा आणि पुन्हा अर्जदाराच्याच सहीने पुसली जाईल. म्हणून दि. ३ मार्चचा अर्ज रद्द समजावा व पुढील गोष्टींस मंजुरी मिळावी.

(अ) प्रसारणापूर्वी भाषणांतील विराम कापून टाकण्याची संपादन विभागाची पद्धत आहे. या भाषणातील एकही विराम कापू नये. मणीवानबाईंनी विरामांपुरता आवाज चढविलेली प्रत तयार केली आहे, तीच वाजवावी.

(आ) निवेदनात 'भाषण: बुन्लियेन दाराफेत, गायन: वियेंगखाम' असे दोघांचेही नाव घ्यावे. पेंगसीच्या घरासमोरच्या खांबावरील कर्णा नादुरुस्त आहे. तो त्याआधी दुरुस्त व्हावा. तिला उत्तर द्यायचे आहे.

(इ) भाषण बासीच्या विधीच्या वेळी, श्री. बुन्लियेन यांच्या मनगटांस पांढरे दोरे बांधले जात असताना वाजवावे. पहिला दोरा वयाने सर्वांत ज्येष्ठ माणसाने बांधायचा असतो. गेली दहा वर्षे केंद्रात तो मान अर्जदाराचा होता आणि दर वेळी संकोचाने त्याने तो दुसऱ्याला दिला. या वेळी देणार नाही.

११. श्री. बुन्लियेन रागावतील, समारंभाचा विचका होईल, अशी शंका आपणांस येईल. अर्जदारासही येते. ते आपल्या मर्जीतले आहेत आणि अर्जदार जिन्याखालचा आहे, हेही त्याच्या ध्यानात आहे. परंतु टेप त्यांचीच, भाषण त्यांचेच, ते वाजवायचे असे परिपत्रक आपलेच. अर्जदार एक शब्दही वाढवीत नाही. तो फक्त त्यांना थांबू देत आहे.

१२. दोरा बांधून आशीर्वाद पूर्ण होईपर्यंत हात मागे घेणे अशुभ मानतात, हे आपण जाणताच. आशीर्वाद किती लांब असावा याला कोठे मर्यादा आढळत नाही. याबाबत जुनी पुस्तके पाहून खात्री करून घेतली आहे. नववा विराम एकविसाव्या मिनिटाला येतो. तोपर्यंत पुरेल एवढा आशीर्वाद मी लिहून काढला आहे आणि घरी मोठ्याने वाचण्याचा सराव करीत आहे. मी त्यांचे मनगट धरून बसेन. दीर्घायुष्य चिंतीन, नातवंडे चिंतीन, भरलेली कोठारे चिंतीन. वियेंगखाम आपल्या दोन ओळी गाऊन संपवील. ते माझ्याकडे पाहतील. मग मी गाठ मारीन.

मंजुरीचे उत्तर जिन्याखालच्या खोलीत पाठवावे. दार वाजवावे, या वेळी मी ओ देईन.

आपला नम्र,
सोमवांग लुआंगलाथ
निवृत्त नोंदणीकार, ध्वनिसंग्रह
थाखोंग, दि. २३ मार्च २००९

सोबत:
१. टेप पुसण्याच्या परवानगीपत्राची प्रत, नोव्हेंबर १९८५ (सही अर्जदाराची).
२. वाफेवर धरून सोडविलेली मूळ चिठ्ठी: 'वियेंगखाम, लाम, २७ मिनिटे'.
३. भाषणाचा हस्तलिखित कागद, नऊ तांबड्या रेघांसह.
४. पांढरा दोरा, एक (समारंभापूर्वी परत मिळावा).