सॅन दिएगोचं वेळापत्रक

४ मे, रविवार. सॅन दिएगो.
पोचलो. मल्हारने विमानतळावर आधी आईला मिठी मारली. चालायचंच, आईचा लाडका. आमच्या म्हसवडला आत्ता उन्हानं रस्त्यावर पापड भाजतील. इथं मे महिन्यात स्वेटर. संकल्प: अठ्ठावीस दिवसांत अख्खं शहर बघायचं. सव्वीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, वेळापत्रक मीच करणार. तानुबाई माझ्यामागं चालेल. चौथी पास बायको. बिचारीचं परक्या देशात माझ्याशिवाय पानही हलणार नाही.

७ मे.
बाल्बोआ पार्क. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनाच्या इमारती. माहितीचे अकरा फलक हिला मोठ्यानं वाचून दाखवले. बाराव्याला मागं बघतो तर ही गायब. बाकावर एका मेक्सिकन म्हातारीशी हसत बसलेली. हिला मराठी, तिला स्पॅनिश. मी इंग्रजीतून मध्यस्थी केली. दोघींना कळलं नाही. वेळापत्रक चाळीस मिनिटं लेट. कारण: तानुबाई.

१२ मे, संध्याकाळी ७.
जुना दीपस्तंभ बघायचा होता. मल्हारला बजावलं, सोडायला येऊ नकोस, ट्रान्सपोर्ट माझ्या रक्तात आहे. ट्रॉली म्हणतात ती इथली लोकल ट्रेन अचूक पकडली. ती उलटीकडे निघाली. बोर्डच चुकीचे लावलेत यांनी. उतरलो. फोन बंद पडला. मी नकाशा आडवा-उभा करतोय, तोवर ही म्हणाली, "आवं, घर दर्याकाठी, दर्या मावळतीला असतोय. उनाकडं तोंड करून चला की."
सासऱ्यांची मेंढरं होती हे माहीत होतं. पण ही लहानपणी त्यांच्यामागं पायी कोकणात उतरायची, हे आज कळलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. आधी सांगितलंही असेल, मी ड्यूटीवर असेन.
दोन तासांत घर. माझ्या पायाला फोड, ही ठणठणीत. व्यायाम व्हावा म्हणून मी मुद्दामच काही बोललो नाही. दीपस्तंभ राहिला.

१९ मे.
ही आता रोज सकाळी एकटी समुद्रावर चालत जाते. मला विचारतसुद्धा नाही. आज जेवताना म्हटलं, वाट चुकलीस तर माझं नाव सांग. सून अपेक्षा हसली. यात हसण्यासारखं काय होतं? आजपासून तानुबाईशी अबोला. दोन दिवसांत ताळ्यावर येईल.

२३ मे.
अबोला चालू. हिच्या अजून ध्यानात आलेला नाही.

२८ मे.
मल्हार म्हणाला, आईला आणखी चार महिने राहायचंय. व्हिसात बसतं. तिकीट पुढं ढकलू का?
मी हिलाच सुनावलं, "राहा की! माझं काय अडतंय?" एवढं ऐकून ही वरमेल आणि बॅग भरायला घेईल, ही खात्री. अनुभव दांडगा आहे.
ही म्हणाली, "व्हय? मग ऱ्हाते."

१ जून. विमानतळ.
शेवटच्या क्षणी ही माझ्याबरोबर येईल. बायामाणसं गाडी हलल्यावरच पळत येतात, आयुष्यभर पाहिलंय. रांगेतून तीनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा सोडायला आलेल्यांपैकी तिथं कुणीच नव्हतं. पार्किंगची वेळ संपली असणार.

५ जून. म्हसवड.
जो तो विचारतो, वहिनी कुठायत? मीच ठेवून आलो म्हणून सांगतो. सुनेला हातभार नको का? शेजारचा भाऊसो म्हणाला, "गड्या, वैनी लय खुशीत हायती. आमच्या हिला रोज व्हिडिओ कॉल असतोय."
मला पोचल्याचं विचारायला एकदा आला होता. मल्हारचा.

२२ जून, रविवार, संध्याकाळी ८.
शेवटी मीच फोन केला. तिकडं सकाळ. कधी येतीस, विचारलं. ती म्हणाली, "का वं? काय नडलंय?" म्हटलं, काही नाही, सहज. "मग बरं हाय," म्हणाली. मागून अपेक्षा हाका मारत होती, दोघींना समुद्रावर जायचं होतं. फोन ठेवला.
काय नडलंय, ते लिहायला बसलो. सुलाबाई दोन वेळच्या भाकरी टाकून जाते. कपडे लाँड्रीत. बीपीची गोळी वेळेवर. नडत काहीच नाही.
मला करमत नाही, एवढंच फोनवर म्हणायचं होतं. छत्तीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. आजही जीभ वळली नाही.