आप्पांचा वरचा खिसा

रविवार, संध्याकाळ. काळेवाडी.

आज आप्पांसोबत टीव्हीवर गुंडांचा सिनेमा पाहिला. कुठली बंदूक कुठली, हे मी मोबाईलवर शोधेपर्यंत आप्पा सांगून मोकळे. चाकणच्या कंपनीत गेटवर बंदूक घेऊन बावीस वर्षं उभे होते ते. हिरोने दुनळी उचलली तसे हसले.

"ही बारा बोअर. माझ्यापाशी हीच व्हती. दस्ता खांद्याला लावला न्हाई येड्यानं, मनगट जाईल."

मग सहज म्हणाले, "तू नायतर दादा डबा घेऊन यायचा. लांबनं दिसलात की दोन्ही गोळ्या काढून खिशात टाकायचो. भरलेली बंदूक अन् पोरं एका जागी नको."

तो वरचा खिसा. त्यात काय आहे विचारलं की म्हणायचे, गोळ्या. मी हट्ट केला की पँटच्या खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचे. वरच्या खिशातली कधीच नाही. किती रुसायचे मी. चांगल्या गोळ्या दादासाठी राखून ठेवतात, असंच वाटायचं ना.

आत्ता दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, त्या तुझ्यासाठी आहेत."