गाद्यांच्या गोदामातली बास्केटबॉल टीम

३ जानेवारी
आजपासून मी प्रोफेशनल बास्केटबॉल टीमचा मालक. दादाच्या गाद्यांच्या दुकानात जन्म काढणाऱ्यांतला मी नाही. त्याने गोदामाची मागची बाजू प्रॅक्टिसला दिली आहे. अट एकच: टीम बुडाली तर निमूटपणे गल्ल्यावर बसायचं. हसत हसत कबूल केलं. बायकोला बातमी सांगितली. तिने इस्त्री चालूच ठेवली.

११ जानेवारी
सुताराने रिंग लावली. वर लोखंडी तुळई आडवी येते, म्हणून हातभर खाली. कोच कुरकुरला. त्याला समजावलं की आधी खेळाडूंचा आत्मविश्वास महत्त्वाचा.

२ फेब्रुवारी
आत्मविश्वास जबरदस्त वाढलाय. जो तो उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबतोय. आमच्या लंबूला तर उडीही लागत नाही. मीसुद्धा एक कोंबला (स्टुलावरून). कोच सोडून गेला. बरं झालं, निगेटिव्ह माणूस. आता कोच मीच.

२० फेब्रुवारी, सकाळ
लीगमधली पहिली मॅच. ट्रॉफीला जागा हवी म्हणून शोकेसमधला बायकोचा टी-सेट माळ्यावर टाकला. तिला अजून सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
त्यांची रिंग फार वर होती. तक्रार केली. रेफरीने सगळ्यांदेखत टेप लावून मोजून दाखवली. आमचा प्रत्येक बॉल रिंगच्या खालून गेला. लोक आधी खूप हसले. मग हसायचेही थांबले, ते जास्त लागलं.

२१ फेब्रुवारी
उपाय सापडला: तुळई कापायची. दादा म्हणाला, छप्पर तिच्यावरच उभं आहे. लहानपणापासून माझ्या प्रत्येक प्लॅनमध्ये याला काहीतरी खुसपट सापडतंच.

९ मार्च
पुन्हा हरलो. पण आता बॉल रिंगला लागतो, म्हणजे प्रगती आहे. नेमका आजच लीगवाल्यांचा फोन. आमच्या मॅचला कुणी फिरकत नाही, तेव्हा टीम बंद. मी तात्पुरती विश्रांती म्हणा असं सुचवलं. त्यांनी फोन ठेवला होता. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

१५ मार्च
गल्ल्यावर बसलो. दादाने अख्ख्या टीमला माल उतरवायला ठेवून घेतलंय. ट्रकपासून गोदामापर्यंत गाद्या या हातातून त्या हातात, एकही खाली पडली नाही. असं पासिंग मला वर्षभर ओरडूनही जमवता आलं नसतं. राहवेना. कोच म्हणून दोन शब्द बोलावेत म्हणून मध्ये जाऊन उभा राहिलो.

लंबू म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा."

झालो.