सुटका झाली

सोमवार, संध्याकाळ

हसले. फोनवर चक्क हसले मी!

दुपारी सुनंदाला कळांबरोबर रक्त जायला लागलं. उपकेंद्रात मी एकटी, ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून नांदेडला धाडली. आत्ता तिच्या सासूचा फोन आला, "सिस्टर, सुटका झाली बगा."

बाळंत झालेल्या बाईला आपण हेच म्हणतो ना? मग मी दुसरं काय समजणार? हसून विचारलं, "पोरगा की पोरगी?"

म्हातारी म्हणाली, "वाटंतच गेली माय. लेकरू पोटातच राहिलं."

मेलेल्या बाईलाही तेच म्हणायचं. दुसरा शब्द सापडला नाही का मेल्यांनो?

टेम्पोत चढवताना माझा हात धरून सुनंदानं विचारलं होतं, "सिस्टर, कधी व्हईल सुटका?"

मी म्हणाले, "आजच."