भात्यातला उजेड

३ फेब्रुवारी, सोमवार

कॅमेऱ्याला माशाच्या तेलाचा वास येतोय! कपाटात, साड्यांखाली ठेवलेल्या माझ्या बाबांच्या कॅमेऱ्याला. साड्यांनाही लागलाय. कोणीतरी बाहेर काढला होता. नवरा, सागर, बोटीवर. घरात मी आणि सासरे. म्हणजे आबाच!

४ फेब्रुवारी

आबा बंदरावर गेल्यावर उघडून बघितला. बटण दाबलं, झाकण खाली आलं. भिंग रुळावरून पुढे ओढलं, बाजूच्या पट्ट्या खट्कन बसल्या. सगळं जागच्या जागी. पण मधला चामड्याचा, घड्याघड्यांचा भाता— तो पापडासारखा कडक होता, आता मऊ लागतोय.

पालीच्या बाजारात बाबांनी जन्मभर फोटो काढले. माजघराच्या भिंतीवरचा, हार घातलेला सासूबाईंचा फोटोसुद्धा ह्याच कॅमेऱ्यावरचा. शेवटी शेवटी मात्र हात लावत नसत. "भात्याच्या घड्यांना भोकं पडलीत, उजेड शिरतो. रीळ फुकट जाईल." तरी जाताना मलाच दिला. त्यांचं माझ्याकडे एवढंच आहे.

७ फेब्रुवारी

आबांना चिरागचा फोन. हा त्यांचा पुतण्या, मुंबईत जुन्या वस्तू विकतो. गणपतीत आला तेव्हा कॅमेरा हातातून सोडवेना. "वहिनी, द्यायचा झाला तर आधी मला सांगा."

आज पडवीत बोलणं चाललेलं. मला बघून आबांचा आवाज खाली गेला. तरी ऐकलंच— "तिला आत्ता काय बोलू नको. तेरा तारखेला गाडी घेऊन ये."

वा! वस्तू माझी आणि मलाच पत्ता नाही.

८ फेब्रुवारी

जेवताना आबा, अगदी सहज: "त्या कॅमेऱ्याला रीळ अजून गावतं काय गो?"

"का?" म्हटलं. त्यांनी भाकरी मोडून कालवणात बुडवली. गिऱ्हाइकाने विचारलं असणार, दुसरं काय!

१० फेब्रुवारी

सागर आला. सांगितलं तर हसला. "आबा शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, आणि तुझा कॅमेरा विकतील?"

बापाची बाजू घेणारच तो. मी न्हाणीघराचं दार लावून काळोख केला, कॅमेऱ्याची पाठ उघडून भात्यात बॅटरी धरली. बाबा असंच बघायचे. भोकांतून उजेडाचे ठिपके दिसायचे. आज एकही ठिपका नाही. भोकं गेली कुठे? कॅमेराच बदलला की काय?

११ फेब्रुवारी

उन्हात नीट बघितला. झाकणाच्या आत बाबांनी सुईने कोरलेलं 'पाली' आहे. कॅमेरा तोच. मग घड्यांवर आतून काळं कापड कोणी चिकटवलं? विकायच्या आधीची डागडुजी! आबांबद्दल असं मनात येतं याचं वाईट वाटतं, पण दुसरा अर्थ कुठला लावू?

ठरलं. उद्याच पालीला माहेरी नेऊन ठेवते. चिरागला रिकामं कपाट दाखवीन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सागर सकाळीच बर्फ आणायला गेला. मी पिशवी भरत होते, तर आबा दारात. दाढी केलेली, धुवट सदरा, हातात चिरागने पाठवलेलं रीळ.

"भोकं बुजवलीत मी. छत्रीचं कापड लावलंय. होडीला चोळतो ते तेल पण लावलं, चामडं मऊ पडलं. वास येतोय, काय करणार. तुझी सासू भिंतीवर एकटीच हाय. तुझ्या बापसाने काढला तिचा, माझा तू काढ. ह्याच्यावरच. उद्या चिराग कोल्हापुरास नेतोय, काळजाचं ऑपरेशन हाय. सागरला आज सांगतो."

पिशवी तिथेच टाकली. आबांना अंगणात उजेडात बसवलं.

"हसायला सांगू नको," म्हणाले. "ती पण हसलेली नाय."